विमान कुणीकडं गेलं

शहाण्णव सालची दिवाळी सरली आणि मल्लेश तोडकरने उत्तरेश्वर पेठेतल्या आपल्या घराच्या गच्चीवर विमान करायला घेतलं. बसायचं नव्हे, उडवायचं. त्याच्या बायकोला, रुद्राणीला, आधी वाटलं की कंपनीतलंच काही काम घरी आणलंय. मल्लेश शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. मग तो वाळूत दाबायचा, आणि उमटलेल्या पोकळीत तापलेला रस सोडायचा. ही लाकडी रूपं घडवण्यात मल्लेशची उमर गेली होती. त्याच्या हाताला भरीव, जड वस्तूंची सवय. विमानाचं सगळंच उलटं होतं. जितकं लाकूड काढून टाकावं तितकं ते विमान होत जायचं.

रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या मासिकातलं चित्र त्याच्या डोक्यात बसलं होतं. इंजिन नाही, पंखा नाही, नुसतं वाऱ्यावर तरंगणारं विमान. पहिलं त्याने घाईने केलं, ते गच्चीवरून थेट शेजारच्या पत्र्यावर आदळलं. दुसरं पंचगंगेच्या घाटावर पाण्यात गेलं. तिसऱ्याला त्याने पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, रंध्याने इतकं तासलं की उन्हाकडे धरलं तर पलीकडचा उजेड दिसावा, आणि पंखांवर पिवळा पतंगाचा कागद ताणून बसवला. पंख जोडले की अख्खी खाट भरायची.

मल्लेशचे वडील चनबसाप्पा, म्हणजे घरातले आप्पा, खालून ओरडायचे की चाळिशी उलटलेल्या माणसाने हे धंदे करावेत काय. रुद्राणी काही म्हणायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने नवऱ्याला इतकं गुंग झालेलं पाहिलं नव्हतं. एरवी तो कामावरून यायचा, जेवायचा, बातम्या बघायचा आणि झोपायचा. बोलायचा मोजकंच. आता संध्याकाळी गच्चीवर चहा द्यायला गेली की तो पंखावर बोट फिरवत तिला सांगायचा, वारा वरून कसा जातो, खालून कसा जातो, आणि मधल्या मध्ये विमान कसं उचललं जातं. तिला त्यातलं थोडंच कळे. पण तो सांगत असायचा आणि ती कठड्याला टेकून ऐकत असायची, आणि खाली पेठेतले दिवे एकेक करून लागत असायचे.

हे विमान वर न्यायचं तर दोर बांधून पतंगासारखं ओढावं लागायचं. ओढणारा पळाला पाहिजे. ते काम त्यांच्या मुलीकडे, शांभवीकडे आलं. शांभवी नववीत होती आणि शाळेतून पंधराशे मीटर पळायची. मग दर रविवारी तिघं स्कूटरवरून पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावर जायला लागली. मल्लेश पुढे, शांभवी मध्ये, मागे रुद्राणी, आणि तिच्या मांडीवर पंख सुटे करून धोतरात गुंडाळलेलं विमान. पठारावर पोचलं की जमीन संपून आभाळच सुरू झाल्यासारखं वाटे. सुकलेलं गवत उन्हात सोन्यासारखं पिवळं, त्यात वाऱ्याची वाट दिसायची, जणू कुणी अदृश्य माणूस चालत गेला. शांभवी दोर घेऊन पळत सुटायची, मान मागे वळवून, आभाळात बघत. विमान उचललं जायचं, दोराची कडी आपसूक सुटायची, आणि मग तो पिवळा तुकडा कसलाच आवाज न करता वर फिरत राहायचा. फिरत फिरत खाली यायचा. मल्लेश धावत जाऊन तो उचलायचा, झोपलेलं मूल उचलावं तसा.

मार्चमधल्या एका रविवारी मात्र तो खाली आला नाही.

त्या दिवशी ऊन कडक होतं आणि वारा उत्तरेचा. पठाराच्या कडेवर घारी घिरट्या घालत होत्या. विमान सुटलं, घारींच्या घोळक्यात शिरलं, आणि त्यांच्याबरोबर तेही वर चढायला लागलं. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. तापलेल्या खडकावरून उठणारी हवा त्याला वर वर नेत होती. शांभवी पठाराच्या टोकापर्यंत पळत गेली आणि तिथे थांबली. मल्लेश जागचा हलला नाही. तो नुसता वर बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की रुद्राणीने विमानाकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघितलं. पिवळा ठिपका दक्षिणेकडच्या डोंगरावर गेला, बारीक झाला, आणि मग तो दिसतोय की आपल्याला वाटतंय हेच कळेनासं झालं.

पुढच्या रविवारी ते शोधायला निघाले.

पठाराखालच्या गावापासून त्यांनी सुरुवात केली. चहाच्या टपरीवर मल्लेशने स्कूटर लावली आणि टपरीवाल्याला विचारलं, पिवळं विमान बघितलं काय, एवढं मोठं. टपरीवाला कृष्णात नावाचा तरणा माणूस होता. त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं, व्हय, बघितलं की, गेल्या रविवारीच, त्या खिंडीवरून खाली गेलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. खिंडीच्या पलीकडे एका बाईने ते नदीच्या अंगाला जाताना बघितलं होतं. नदीच्या अंगाला एका म्हाताऱ्याने बघितलं नव्हतं, पण त्याच्या नातवाने बघितलं होतं, आणि नातू शाळेच्या सहलीला गेला होता, तर पुढच्या रविवारी या म्हणाला.

अशाने रविवारमागून रविवार जायला लागले. बाजारभोगाव झालं, कळे झालं, गगनबावड्याच्या रस्त्याने साळवण झालं. रुद्राणी मुख्य टपाल कचेरीत होती. जिल्ह्यातलं टपाल गावागावांच्या खणांत टाकायचं हे तिचं रोजचं काम. ही सगळी नावं तिच्या बोटांना पाठ होती, पण तिच्या लेखी ती नावं म्हणजे लाकडी खण होते, एकाखाली एक. तिचं माहेर संकेश्वराकडचं. माहेर आणि कोल्हापूर, मधला रस्ता, वर्षातून एकदा जोतिबा, एवढंच तिचं जग. आता एकेका खणाला ओढा फुटत होता, पिंपळ फुटत होता, पारावर बसलेली माणसं दिसत होती. सोमवारी ती कामावर बसली की साळवणचं पाकीट हातात येई, आणि तिला तिथल्या करवंदांच्या जाळ्यांचा वास येई.

आणि मल्लेश बोलत होता. घरात तोंड न उघडणारा तिचा नवरा अनोळखी माणसांच्या अंगणात बसून तास तास बोलत होता. विमानाचं सांगायचा, पंखाचं सांगायचा, मग समोरच्याच्या नांगराकडे बघून त्याच्या लाकडाची चौकशी करायचा. माणसं ताक द्यायची, जेवायला थांबवायची. घरी आप्पा वाट बघत असायचे. सुरुवातीला नावं ठेवणारे आप्पा आता चप्पल काढायच्या आधी विचारायचे की विमान कुठवर पोचलं. साळवणपर्यंत, असं सांगितलं की ते मान डोलवायचे. म्हणायचे, मजबूत केलंय.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आकारामने रुद्राणीला गाठलं. आकाराम पन्हाळ्याकडच्या गावांची टपालाची पिशवी घेऊन यायचा. मल्लेश विमान शोधतोय हे तिने कधीतरी त्याच्याजवळ बोलून ठेवलं होतं. पिशवी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, तुमचं इमान आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला हाय बघा. ऐनाच्या झाडावर."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती एसटीने गेली. एकटी अशी ती कुठे गेली नव्हती. वाडी पठाराच्या दक्षिण उतारावरच होती, जिथून विमान सुटलं तिथून एका हाकेच्या अंतरावर म्हणायची. आकारामची बायको तिला बांधाबांधाने वर घेऊन गेली. ऐनाच्या शेंड्यात, पानगळीने उघड्या झालेल्या फांद्यांत, ते बसलं होतं. उजवा पंख मधून मोडला होता. बाकी साबूत. कागद उन्हाने पांढुरका पडला होता आणि वाऱ्याने थोडा थोडा फडफडत होता. घरट्यात पक्षीण बसावी तसं ते बसलं होतं, दरीकडे तोंड करून.

आकारामची बायको म्हणाली की दिराला सांगून खाली काढते. रुद्राणी बराच वेळ वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "असू दे. राहू दे तिथंच."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती स्वतःला विचारत राहिली की आपण हे काय केलं. उत्तर तिला ठाऊक होतं. विमान सापडलं की रविवार संपले. मग पुन्हा जेवण, बातम्या, झोप. रस्त्याकडेची झाडं मागे जात होती, डोळे मिटले तरी जात होती, आणि तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि त्यातही कुठेतरी एक गोड झुळूक होती. घरी तिने कुणालाच काही सांगितलं नाही. त्या रविवारी मल्लेशने विचारलं की आता कुणीकडं जायचं, तेव्हा तीच म्हणाली, "राधानगरीकडं बघू या की."

वाटेवरची गावं होता होता पावसाळा लागला आणि फिरणं थांबलं. राधानगरीकडचे रस्ते पाण्याखाली, टपालाच्या पिशव्या ओल्या येत होत्या. फौंड्रीत काम कमी झालं होतं, मल्लेश लवकर घरी यायचा आणि गच्चीच्या दारात बसून पाऊस बघायचा. शांभवी शाळेच्या मैदानात चिखलात पळत होती. तिचे सर एक दिवस घरी आले आणि म्हणाले की पोरगी चांगली आहे, पण पळताना आभाळात बघते, ही कसली सवय. आप्पा हसले. रुद्राणीला मात्र हसू आलं नाही. त्या ओल्या दिवसांत तिला स्वप्नं पडायची. ऐनाचं झाड पाण्यातून तरंगत चाललंय, शेंड्यावर पिवळं विमान, आणि काठावर मल्लेश उभा राहून झाडालाच विचारतोय, विमान बघितलं काय. जागी झाली की वाटायचं, आज सांगून टाकावं. मग सकाळी तो शांभवीला डबा भरून देताना कृष्णातच्या टपरीची नाही तर साळवणच्या कुणाची तरी आठवण काढायचा आणि तिचं तोंड मिटायचं.

दसऱ्यानंतर रस्ते मोकळे झाले आणि ते राधानगरीला गेले. धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला, तानाबाई नावाची म्हातारी म्हशी राखत होती. मल्लेशने नेहमीसारखं विचारलं. तानाबाईने काठी टेकली, आभाळाकडे बघितलं, आणि सांगितलं की आलं होतं, पिवळं धमक, पाण्यावरून चार वेळा फिरलं, आत एक माणूस बसला होता, त्याने हात केला.

"कसा केला हात?" मल्लेशने विचारलं.

"आसा," म्हणून तानाबाईने हात हलवून दाखवला, सावकाश, लांब चाललेल्या माणसाला करतात तसा.

 मल्लेश पाण्याच्या काठाशी जाऊन बसला. शांभवी म्हशींच्या मागे लांब गेली होती. धरणाचं पाणी संथ होतं, त्यात डोंगर उलटे पडले होते, आणि उलट्या डोंगरांवरून एक ढग चालला होता. रुद्राणी त्याच्या शेजारी बसली. म्हातारीने इतक्या मायेने खोटं सांगितलं होतं की तिचं स्वतःचं खोटं आता तिला सोसेना.

"विमान मी बघितलंय," ती म्हणाली. "मे महिन्यात. आकारामच्या वाडीत, ऐनाच्या झाडावर हाय."

मल्लेश पाण्याकडेच बघत राहिला.  मग त्याने विचारलं, "नाकावर पडलं हुतं काय?"

"न्हाय. सपाट बसलं हुतं. उजवा पंख तेवढा मोडलाय."

"म्हणजे उतरलं ते," तो हळूच म्हणाला. "पडलं न्हाय."

थोडा वेळ त्याच्या तोंडावर मार्चमधलं ते काहीतरी परत आलं. पण ते टिकलं नाही. तो म्हणाला, "मी दारोदार विचारत फिरत हुतो, आणि तू शेजारी उभी हुतीस."

रुद्राणीला खूप काही सांगायचं होतं. खणांचं, गावांचं, करवंदांच्या वासाचं. तोंडातून आलं एवढंच: "मला फिरायचं हुतं. तुमच्यासंगं."

 पुढच्या रविवारी मल्लेश कंपनीत गेला. त्याच्या पुढच्याही. आप्पांनी विचारलं तेव्हा काम आलंय म्हणाला, आणि ते खरंही होतं, फौंड्रीला दिवाळीआधी मोठी ऑर्डर लागली होती. पण तो वाडीलाही जाऊन आला होता, हे रुद्राणीला आकारामकडून कळलं. झाडावर आता काही नव्हतं. पावसाने कागद गेला होता, लाकूड कुठे तरी गळून पडलं होतं. मल्लेश झाडाखाली उभा राहून वर पठारावर विमान सुटलं त्या जागेकडे आणि खालच्या दरीकडे आळीपाळीने बघत होता, आणि मग आकारामच्या बायकोने दिलेलं ताक पिऊन गेला.

शांभवीला रुद्राणीनेच सांगितलं. तिने वेणी घालता घालता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलंच हुतं कुठंतरी पडलं आसंल." तिच्या डोक्यात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या.

त्या स्पर्धा नोव्हेंबरात झाल्या. मल्लेश आणि रुद्राणी स्टेडियमच्या पायऱ्यांवर एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून बसले. मध्ये आप्पा, डोक्यावर रुमाल टाकून. पंधराशे मीटरची शर्यत सुटली आणि पहिल्या फेरीतच शांभवी मागे पडली. दुसऱ्या फेरीला तिची मान वर झाली. सर कडेने ओरडत होते, समोर बघ, समोर बघ. तिला ऐकू जात नव्हतं. ती कुठे तरी उंच बघत पळत होती, आणि तिचे पाय जमिनीला नुसते विचारल्यासारखे लागत होते. एकेक मुलगी मागे पडत गेली. शेवटच्या वळणावर ती दुसऱ्या नंबरला होती आणि दुसरीच आली. पहिल्या मुलीला तिने बघितलंच नव्हतं. पायऱ्यांपाशी येऊन तिने विचारलं की किती जणी पुढे होत्या. एकच, असं कळल्यावर ती गोंधळून उभी राहिली.

मल्लेश हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. आप्पा त्याच्याकडे बघून हसायला लागले. रुद्राणी आपल्या जागेवरून उठली आणि आप्पांच्या पलीकडून येऊन त्याच्या शेजारी बसली. तो सरकला नाही. थोड्या वेळाने त्याने तिच्या मांडीवरचा डबा घेतला, उघडला, आणि त्यातली चपाती तिच्यापुढे धरली.

पुढच्या रविवारी पुन्हा निघायची तयारी झाली, तेव्हा आप्पा म्हणाले की आता मीही येणार. चौघं स्कूटरवर मावेनात, म्हणून एसटीने जायचं ठरलं. पश्चिमेला सगळं झालं होतं. शांभवी म्हणाली पूर्वेला कधी गेलोच नाही. तर शिरोळची गाडी लागली होती, तीत बसले. डोंगर मागे राहिले, दोन्ही बाजूंना उसाचे पट्टे आले, मधून काळी, पाणी पिऊन सुस्तावलेली जमीन. कुठेच काही उंच नव्हतं. उसाने भरलेले ट्रॅक्टर धुळीतून सावकाश चालले होते, आणि आप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

कृष्णेच्या काठी एका मळ्यापाशी ते चालत पोचले. फडातून बाहेर आलेल्या सयाजी नावाच्या शेतकऱ्याने त्यांना बघितलं आणि विचारलं, "कुणाकडं आलाय पावणं?"

मल्लेश आणि रुद्राणी एकमेकांकडे बघत राहिले. 

"कुणाकडंच न्हाय," रुद्राणी म्हणाली. "बघाय आलोय."

 सयाजीने कोयत्याने एक ऊस तोडला, पेरं केली, आणि चौघांच्या हातात दिली. नदीवर नाव होती, पलीकडच्या गावाला जाणारी. नावाड्याने हाक मारली तेव्हा आप्पांनीच आधी धोतर सावरलं. नाव काठापासून सुटली तसा आवाज मागे राहत गेला, ट्रॅक्टरचा, माणसांचा, मग नुसतं पाण्याचं चुळुक चुळुक उरलं. शांभवी ऊस चावत पुढच्या टोकाशी बसली होती. मल्लेशने पाण्यात हात सोडला होता. पलीकडे काही काम नव्हतं. उतरायचं, थोडं हिंडायचं, आणि ह्याच नावेने परत यायचं. मधोमध आल्यावर नावाड्याने वल्हं थांबवलं आणि नाव आपली आपण वाहू लागली. रुद्राणीने दोन्ही काठांकडे बघितलं. दोन्ही सारखेच लांब होते.